पिठाची विरी

भाच्याच्या हळदीसाठी मंगल कार्यालयात जातं आणलं होतं ते डेकोरेशनवाल्यानं. वीतभर रुंदीचं, सोनेरी ऑइलपेंट मारलेलं, खुंट्याला लाल गोंडे. पाच जणींनी खुंट्याला हात लावायचा, हळकुंडं घातल्यासारखं करायचं, फोटो निघाला की विधी झाला. खरी हळद पाकिटातून आली होती आणि वाटीत कालवून तयार होती. मी सवयीनं खुंटा धरून जोर लावला, तर खुंटाच उपटून हातात आला. पोरी हसायला लागल्या. "आत्या, जरा हळू," भाची म्हणाली, "आता एखादी ओवी तरी म्हणा. तुम्हालाच येतात." मी म्हटली. दुसरी ओळ संपायच्या आत स्पीकरवर हळदीचं गाणं लागलं आणि माझं तोंड नुसतंच हलत राहिलं.

राग आला नाही. खरं सांगायचं तर सुटले असं वाटलं. त्या रंगवलेल्या दगडापुढे तिसरी ओळ मला सुचलीच नसती. मी ओव्या रचते. आईच्या लिहून ठेवल्या, तशा स्वतःच्याही करते. जिल्हा परिषदेच्या शाळेत पस्तीस वर्षं मराठी शिकवली, तेव्हापासूनचा हा नाद आहे. पण कुणी "म्हणा" म्हटलं की ओवी येत नाही, आणि रिकामा वेळ काढून टेबलाशी बसलं की तर मुळीच येत नाही. मग ती येते कशानं? आमच्या आयाआज्यांना रोज कशी यायची? या एका प्रश्नापायी मी बराच मागे गेले. अगदी कल्याणीच्या चालुक्यांपर्यंत.

निलंग्याच्या पलीकडे कर्नाटकाची हद्द ओलांडली की बसवकल्याण, म्हणजे जुनी कल्याणी, लागतं. आज ते बिदर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव आहे, पण बाराव्या शतकात ती राजधानी होती आणि आमचा हा सगळा मुलूख तिच्या सावलीत होता. तिथल्या तिसऱ्या सोमेश्वर राजानं ११२९च्या सुमारास 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. राजानं काय खावं, हत्ती कसे धरावेत, रत्नं कशी पारखावीत, असा जगभरचा ऐवज त्यात आहे. त्यातच गाण्याबद्दल लिहिताना तो जाता जाता सांगतो की महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात. दळताना असं नाही म्हणत तो, कांडताना म्हणतो. त्याचा संस्कृत शब्दही 'कंडन' असाच आहे, तोच आपल्या उखळात आजवर राहिला. मिरची कांडपाच्या दुकानाची पाटी पाहिली की मला हा राजा आठवतो.

ज्ञानेश्वरी शके १२१२ची, म्हणजे १२९०ची. सोमेश्वराची नोंद तिच्याआधी एकशे साठ वर्षांची. शाळेत आम्ही ज्ञानदेवांनी ओवीला वैभव दिलं असं शिकवायचो, ते बरोबरच आहे. पण ती त्यांना मिळाली कुठे, हे कुणी शिकवत नव्हतं. ती उखळाजवळ आणि जात्याजवळ आधीपासून होती. त्यांनी ती तिथून उचलली आणि गीतेपर्यंत नेली. मी निवृत्त होण्याच्या दोन वर्षं आधी हे आठवीच्या वर्गात सांगितलं, तर एक मुलगी म्हणाली, "मग बाई, आधी कुणी केली त्याचं नाव काय?" मी फळा पुसायला लागले.

अहमदपूरच्या उत्तरेला, गोदावरीच्या काठावर गंगाखेड. ते जनाबाईचं जन्मगाव. पंढरपुरात नामदेवांच्या घरी ती दासी होती आणि विठ्ठल तिच्यासोबत दळू लागायचा, ही कथा माहीत नसलेलं घर मराठवाड्यात सापडणार नाही. कीर्तनकार या कथेत भक्ताचा महिमा सांगतात. मला तिच्यात एक अगदी साधी गोष्ट दिसते. जात्यावर दोघी बसल्या की ओढ निम्मी होते, आणि एकीनं ओवी टाकली की दुसरी ती झेलते, तेवढ्यात पहिलीला श्वास मिळतो. एकटीनं दळणाऱ्या बाईला देव हवा असेल तेव्हा असेल, तिला आधी समोर बसायला कुणीतरी हवं असतं. जनाबाईनं ती जागा भरून घेतली आणि कोणाला बसवायचं ते स्वतः ठरवलं.

आता आमच्या घरातलं जातं. माझं माहेर औसा तालुक्यातलं. तेव्हा सगळंच उस्मानाबाद जिल्ह्यात होतं, लातूर जिल्हा १९८२ साली झाला. जातं काळ्या दगडाचं, वडारांकडून घेतलेलं, आजीच्या लग्नाच्याही आधीचं. खालची तळी जमिनीत मातीनं पक्की बसवलेली, वरची सुटी. वरच्या तळीला मधे तोंड, त्यात मुठीनं घास घालायचा. वर्षा-दोन वर्षांत दगड गुळगुळीत व्हायचा, मग ज्वारी न भरडताच बाहेर यायची. अशा वेळी टाकीवाल्याची वाट बघायची. तो यायचा, तळी उलटी करायचा आणि दिवसभर टक टक करून तिला नव्यानं खरबरीत करायचा. टाकी लावलेल्या पहिल्या दिवशीचं पीठ गुरांना घालायचे, कारण त्यात दगडाची कच यायची.

आई चांदणी उगवल्यावर उठायची. रोज अडीच-तीन शेर ज्वारी. सणाला गहू, आणि तुरी निघाल्या की भरडायला आठ दिवस. लातूर आज तुरीच्या बाजारासाठी आणि डाळ मिलसाठी देशभर ओळखलं जातं, पण त्या मिलची पहिली यंत्रं म्हणजे आमच्या घराघरातली ही जातीच. असो.

रोज का दळायचं? एकदम आठ दिवसांचं दळून का ठेवायचं नाही? लहानपणी मी हे आईला विचारलं होतं. ती म्हणाली, "इरी जाती." विरी हा शब्द भाकरी करणाऱ्या बाईलाच नीट कळतो. गव्हाचं पीठ महिनाभर राहिलं तरी पोळी होते. ज्वारीच्या पिठाचं तसं नाही. ते शिळं झालं की त्यातला चिकटपणा जातो, थापताना कडेला चिरा पडतात आणि तव्यावर टाकायला हातावर घेतली की भाकरी मधोमध तुटते. उकळतं पाणी घालून वेळ मारून नेता येते, पण ती भाकरी ओळखू येते. म्हणून ज्वारी खाणाऱ्या मुलखात दळण ताजं, दळण ताजं म्हणून रोजची पहाट, आणि रोजची पहाट म्हणून रोजची ओवी. मराठवाड्यातल्या बायकांनी एवढं अफाट रचून ठेवलं, त्याचं मूळ मला या विरीतच दिसतं. आज सुचत नाही म्हणून कुठल्याच बाईनं दळण ठेवून दिलं नाही. सुचो न सुचो, खुंटा फिरायचाच. आणि फिरायला लागल्यावर दहाव्या-पंधराव्या फेऱ्याला काहीतरी यायचंच.

येणारं सगळं नवं नसायचं, हेही सांगायला हवं. आईच्या ओव्या लिहून घ्यायला लागले तेव्हा माझ्या लक्षात आलं, पहिली ओळ बहुतेक वेळा सगळ्या गावाची असते. गावच्या आडासारखी. ज्या बाईला हवी तिनं तिथं पोहरा टाकावा. दुसरी ओळ मात्र ज्या त्या बाईची. त्यातही कधी एखादाच शब्द बदललेला असायचा आणि त्या एका शब्दात तिचं घर यायचं. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी लातूरपर्यंत आली १९११ मध्ये. रुळांमधलं अंतर अडीच फुटांचं, चाल बैलगाडीहून थोडी बरी, असं म्हातारी माणसं सांगायची. आजीच्या ओव्यांमध्ये भाऊ बैलगाडीतून येता येता मधेच आगीनगाडीतून यायला लागला. आईच्या ओव्यांत तोच भाऊ एसटीतून उतरायचा. पुढची ओळ मात्र दोघींची वेगळी. आजीचा भाऊ लातुरात अडतीवर माल घालून गोलाईतून लुगडं घ्यायचा. गंजगोलाईची ती गोल दुमजली इमारत १९१७ची, भोवती सोळा रस्ते. आईच्या भावाला मात्र एसटीतून उतरताना कधी काही आणता आलं नाही. तिच्या दुसऱ्या ओळीत तो रिकाम्या हातानं यायचा आणि तरी ती दारात उभी असायची.

ओवी म्हणजे बाईनं दगडाला सांगितलेलं गुपित, असं जो तो लिहितो. मला ते पटत नाही. आमच्या घरात जातं ज्या सोप्यात होतं, तिथून हातभर अंतरावर आजीचं अंथरूण होतं, आणि म्हातारीची झोप पहाटे उडालेली असायची. गुपित कसलं? तिला ऐकू जावं म्हणूनच कितीतरी ओव्या होत्या. एका दिवाळीला मामाकडून मूळ आलं नाही. खरं म्हणजे निरोप आला होता, पण घरात कामं आहेत म्हणून आजीनं परत पाठवला होता. आई तोंडानं एक शब्द बोलली नाही. तीन पहाटे तिनं एकच विषय चालवला, सीतेचा वनवास. रामाला कुणी काय बोललं नाही, पण कैकेयीला काही शिल्लक ठेवलं नाही. चौथ्या दिवशी आजी अंगणात तुरी पाखडत बसली आणि सुपाच्या तालावर तिची ओवी सुरू झाली. तिच्याही ओवीत सीताच होती, पण उंबरा ओलांडून फसलेली. चार-पाच दिवस दोघींचं असं चाललं. घरातल्या पुरुषांना वाटत होतं, काय गोड रामायण म्हणतात दोघी. नवव्या दिवशी आजीनं वडिलांना सांगितलं, हिला माहेरी सोडून ये.

डॉ. ना. गो. नांदापूरकरांनी मराठवाड्यातल्या बायकांच्या ओव्यांतून स्त्रियांनी रचलेली रामकथा गोळा केली. ती मी फार पुढे पाहिली, आणि प्रत्येक पानावर मला वाटत राहिलं, ही कोणत्या सासूला उद्देशून असेल?

गोळा करणारी माणसं भेटली हे ओवीचं नशीब. साने गुरुजींचं 'स्त्रीजीवन' १९४०चं. पुढे सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्य समितीतर्फे खंडामागून खंड काढले. इंदिरा संतांनी 'मालनगाथे'त त्या निनावी बाईला 'मालन' असं नाव देऊन टाकलं, आणि नाव मिळाल्याबरोबर ती एकदम कवयित्री दिसायला लागली. तिकडे खानदेशात बहिणाबाई चौधरींच्या गाण्यांची वही मुलानं, सोपानदेवांनी, अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली पुस्तक आलं, तोवर बहिणाबाई गेलेल्या होत्या. पण लिहून घेणारा मुलगा किती जणींना मिळतो? आमच्याकडे तर निजामाचं राज्य. शाळा होत्या तिथं शिकवणं बहुतेक उर्दूत, आणि मुलींना शाळेत घालायचा प्रश्नच नव्हता. १७ सप्टेंबर १९४८ला हैदराबाद संस्थान भारतात आलं तेव्हा आई बारा-तेरा वर्षांची होती, एक अक्षर न शिकलेली. तिची सगळी मराठी ओव्यांतून आलेली. मी शिकलेली मुलगी घरात होते खरी. पण मी काय केलं ते पुढे येईलच.

आमच्या गावात इंजिनाची गिरणी आली १९७०च्या आसपास. किर्लोस्करचं इंजिन, पत्र्याची खोली, आणि कोसभर ऐकू जाणारं पुक पुक. आजी म्हणाली, या पिठाची चव जळते. आईनं पहिल्याच दिवशी माझ्या डोक्यावर टोपलं दिलं. ओवी गेली म्हणून हळहळणाऱ्यांना हे मी आवर्जून सांगते. पुढे एकदा मी तिला म्हटलं, आई, गिरणीनं ओव्या मारल्या. तिनं आपले तळवे माझ्यापुढे धरले. बोटांच्या मुळाशी घट्टे होते, दगड थांबून वीस वर्षं झाली तरी न गेलेले. "येक दिस वढून बग," ती म्हणाली, "मंग मला सांग वव्याचं."

वाचलेल्या त्या दीड-दोन तासांचं तिनं काय केलं? अर्धा तास जास्त झोपली. उरलेल्या वेळात रानात लवकर जायला लागली. वेळ मिळाला म्हणून ती कधी गायला बसली नाही. हातातलं काम गेलं आणि त्याबरोबर गाणं गेलं. रोज येणाऱ्या पाहुण्यानं येणं बंद करावं आणि घरात कुणाच्या ते लक्षातही येऊ नये, असं.

एकदा मात्र ते परत आलं, तेही अशा ठिकाणी की आठवलं तरी अंगावर काटा येतो. १९७२चा दुष्काळ. आई खडीच्या कामावर होती, मी अकरा वर्षांची, पाणी घेऊन जायचे. बायका उन्हात ओळीनं बसलेल्या, हातात हातोडी, पुढ्यात दगड. पुन्हा दगडच. आणि ठोक्यावर ओव्या सुरू झाल्या होत्या. पहिली ओळ जुनीच, माहेरची नाही तर पंढरीची. दुसऱ्या ओळीत मुकादम, मस्टर, लेकरांना मिळणारी सुकडी. एका म्हातारीनं मुकादमाच्या चपलांवर रचलेली ओवी तो समोर उभा असताना म्हटली आणि सगळी ओळ खाली मान घालून हसली. त्याला वाटलं, देवाचं चाललंय.

मी आईच्या ओव्या लिहायला घेतल्या १९८६ साली. नोकरी लागली होती, टेपरेकॉर्डर घेतला होता. आईला खाटेवर बसवलं आणि म्हटलं, म्हण. तिला चार आठवल्या. पाचवीला ती अडली ती अडलीच. मी वैतागले. तीही वैतागली, आणि उठून खाली वाकळेवर जाऊन बसली. बसल्या बसल्या तिचा उजवा हात वाकळेवर गोल फिरायला लागला. मग थांबवता येईना. त्या दुपारी दोन कॅसेटी भरल्या. पुढे माझ्याच चिरंजीवांनी त्यांवर सिनेमाची गाणी भरून घेतली, तो वेगळा विषय. वही तेवढी राहिली.

आणि त्या वहीत मी काय केलं? मास्तरीण ना मी. 'वव्या'चं 'ओव्या' केलं, 'हाय'चं 'आहे' केलं. ओळीत मधे मधे येणारे 'गं', 'बाई', 'माझे', 'सांगते' हे भरतीचे शब्द म्हणून काढून टाकले. निबंध तपासावा तशी आई तपासली. हे चुकलं, हे मला कळलं थेट २०१७ साली, मोबाइलवर. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी १९८०च्या दशकात पुणे जिल्ह्यातल्या मुळशी-मावळच्या डोंगरातून ओव्या जमवायला सुरुवात केली आणि पुढे हजारावर गावांतून लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या. बर्नार्ड बेल यांनी नव्वदच्या दशकात त्यांतल्या कितीतरी ध्वनिमुद्रित केल्या. तो सगळा ठेवा 'पारी' या संकेतस्थळावर यायला लागला होता. त्यात बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरमधल्या बायका होत्या. बाबासाहेबांवर ओव्या म्हणणाऱ्या. जात्याची चाल तीच, आणि जिथं पूर्वी पंढरीचा राजा यायचा तिथं भीमराव आले होते. आडातला पोहरा तोच, पाणी नवं. मी ते ऐकत होते आणि त्या 'गं' आणि 'बाई' माझ्या कानावर पडत होत्या. दगड फिरून पुन्हा छातीपाशी येतो त्या झोकावर त्या बसलेल्या होत्या. बाई तिथं श्वास घेते. मी आईच्या वहीतून तिचे श्वास काढून टाकले होते. दोनशे बारा ओव्यांमधून. आता परत कुठे घालायचे ते मला माहीत नाही, आणि विचारायला ती नाही.

पुढचं सांगणं अवघड आहे, म्हणून थोडक्यात सांगते. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बुडवून माणसं झोपलेली. पहाटेचे तीन वाजून छप्पन्न मिनिटं. पंचवीस वर्षांपूर्वीची ती पहाट असती तर बायका जात्यावर बसायच्या बेतात असत्या. भूकंपानं किल्लारीपासून सास्तूरपर्यंत दगड-मातीच्या जाड भिंती आणि मातीची माळवदं झोपलेल्या माणसांवर आली. आठ हजारांच्या जवळपास माणसं गेली. आई गणपतीसाठी माझ्याकडे लातुरात आलेली होती, भाऊ-वहिनी अंगणात झोपले होते म्हणून वाचले. ज्या बायकांकडे मी दिवाळीच्या सुटीत वही घेऊन जाणार होते, त्यांतल्या चौघी त्या पहाटे गेल्या. त्यांच्या ओव्यांची एक ओळही माझ्याकडे नाही.

गाव नव्या जागी बसलं. बावन्न गावं अशी उठून नव्या जागी गेली. रुंद रस्ते, सारखी घरं. भावानं ढिगाऱ्यातून जात्याची वरची तळी काढून आणली. खालची निघेना. ती जमिनीत इतकी पक्की होती की पहारीनंही हलली नाही, आणि त्या दिवसांत एका दगडासाठी कोण किती खपणार? ती अजून जुन्या गावात बाभळींच्या खाली आहे. वरची नव्या गावात भावाच्या दारात, पाण्याच्या टाकीच्या झाकणावर, वाऱ्यानं उडू नये म्हणून ठेवलेली. तिच्या तोंडातून टाकीत नळी सोडली आहे. मला आधी वाईट वाटलं. आता वाटत नाही. दगड रोज कामाला येतो आहे.

आई २००१ मध्ये गेली. त्यानंतर मी स्वतः रचायला लागले. सुरुवातीला टेबल, दिवा, चांगला कागद, सकाळची शांतता, अशी सगळी तयारी असायची. जे उतरायचं ते दिवाळी अंकातल्या कवितेसारखं दिसायचं, तेही मधल्या पानांवरच्या. एका नियतकालिकाला पाठवल्या, तर उत्तर आलं की लोकगीतं आम्ही घेत नाही, आणि आपली असतील तर मुक्तछंदात पाठवा. दोन वर्षं काही लिहिलं नाही.

मग २००९ साली सुनेच्या आग्रहानं घरघंटी घेतली. पांढरं कपाट, बटण, वर धान्य घालायचं. पाच किलो ज्वारीला पाऊण तासाच्या आसपास लागतो. तेवढा वेळ तिच्यापासून फार लांब जाता येत नाही, धान्य अडकलं तर हलवावं लागतं. दुसऱ्या खोलीत जाऊन टीव्ही बघावा तर आवाजानं काही ऐकू येत नाही. फोनवर बोलता येत नाही. वाचता येत नाही. मी तिच्याशेजारी पाटावर बसून राहायचे, आणि तिसऱ्या-चौथ्या दळणाला माझ्या लक्षात आलं की मी काहीतरी पुटपुटते आहे. तेव्हापासून वही घरघंटीवर असते. आठवड्यातून दोनदा दळण, दोनदा वही. बटण दाबलं की सुरू, पात्याचा आवाज बदलला की संपलं. पहिली ओळ आईची घ्यायची, दुसरी आपली करायची, हा एकच नियम. न जमली तर आईचीच दुसरी ओळ लिहून ठेवायची. रिकामं पान ठेवायचं नाही. घरघंटीच्या आवाजावर मोठ्यानं म्हणावं लागतं, त्यामुळे 'गं' आणि 'बाई' आपोआप परत आल्या. वर्षाला चाळीस-पन्नास होतात, त्यांतल्या चार-पाच बऱ्या असतात. घरघंटी घेण्याआधी गिरणीवर रांगेत उभी असताना सुचलेली एक जुनी आहे, ती आधीची म्हणून जपलेली:

गिरणीच्या दारामंदी, डबा माझा रांगेत
ओवी आली ओठावर, बुडाली आवाजात

आणि एक २०१६ची. मांजरा धरणाचा तळ उघडा पडला होता. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातुरात आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. लोक स्टेशनवर बघायला गेले होते. आजीच्या ओवीत ज्या रुळांवरून भाऊ यायचा, त्याच मार्गावर आता मोठे रूळ पडले होते आणि त्यांवरून प्यायचं पाणी येत होतं. आमच्या गल्लीत टँकर आठ-आठ दिवसांनी. त्या दिवशी दळण लावलं ते पाण्याअभावी भांडी वाळूनं घासता घासता:

मिरजेच्या पाण्याला गं, आगगाडीचा डबा
मांजरा कोरडी बाई, दारी टँकर उभा

यात खरं फक्त एक आहे, 'दारी उभा'. आईच्या ओवीत टँकरच्या जागी भाऊ होता.

भाचीला त्या हळदीनंतर काय वाटलं कोण जाणे, मागच्या रविवारी ती दळण घेऊन आली. तिच्याकडची घरघंटी बिघडली होती म्हणे. मी बटण दाबलं, पाटावर बसले, तिला समोर मोडा दिला. म्हटलं, मी टाकते, तू झेल. ती लाजली. मी जुनी पहिली ओळ म्हटली आणि थांबले. तिनं मोबाइल उलटा ठेवला, घरघंटीकडे बघितलं, हसली, पुन्हा बघितलं. चाळीस मिनिटांत काही आलं नाही. यंत्राचा आवाज बदलला, मी बंद केली.

दळून निघालेलं पीठ गरम असतं. तसंच डब्यात भरलं तर त्याला वाफ धरते, म्हणून आधी परातीत पसरून निववावं लागतं. ते काम मी तिला दिलं. ती परातीतलं पीठ हातानं पसरत होती, गोल गोल, आणि पाठमोरीच, बारीक आवाजात म्हणाली, "आत्या, मघाची पहिली ओळ परत म्हणता का?"

मी म्हटली. तिनं जी दुसरी जोडली तिच्यात दोन मात्रा जास्त होत्या आणि 'बाई'च्या जागी 'यार' होतं. मी वहीत तशीच लिहिली. मग तिला तिथंच थांबवून घेतलं, कारण पीठ ताजं होतं आणि तव्याखाली गॅस लावलेला होता.